बोट सहा वाजता सुटते, मग आपण केव्हा निघावे?



वर्षअखेरची मोठी सुट्टी जवळ आली की आपल्या घराघरांत प्रवासाच्या गोष्टी सुरू होतात. पूर्वी या गोष्टी समुद्रकिनाऱ्यावर चार दिवस घर भाड्याने घेण्यापर्यंत येऊन थांबत. कोणाला जमले तर भारतयात्रा, कोणाला जमले तर रेयुनियन. हल्ली त्यात क्रूझची भर पडली आहे. पोर्ट लुईसला ले सालीनच्या धक्क्यावर पांढरी शुभ्र, दहा-बारा मजली बोट उभी राहते, ती येता-जाता आपल्या मुलांना दिसते आणि घरी आल्यावर मुले विचारतात, "आपण कधी जायचे?" त्यात वाईट काही नाही. कष्ट करून साठविलेल्या पैशांनी आई-वडिलांना समुद्राची हवा खाऊ घालावी, यासारखे पुण्य नाही.

परंतु या प्रवासात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो आणि जी सर्वांत जास्त रडविते. ती म्हणजे बंदरावर पोहोचण्याची वेळ. तिच्याविषयी आज चार शब्द लिहीत आहोत. उपदेश करण्याचा आम्हाला फारसा अधिकार नाही, कारण चूक आमच्याच हातून घडली आहे. ती आधी सांगतो.

आमच्या आत्यांनी सत्तरी ओलांडली आहे. सारा जन्म उसाच्या शेतात आणि चुलीपाशी गेला. त्यांच्या मुलाने, म्हणजे आमच्या आतेभावाने, आईला, बायकोला आणि दोन मुलांना घेऊन क्रूझवर जायचे ठरविले. तो नोकरीनिमित्त रॉड्रिग्ज बेटावर असतो. तिकिटे आली ती इंग्रजीत, आठ पानांची. घरात शिकलेले माणूस म्हणून ती वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलेली वेळ वाचली: प्रस्थान सायंकाळी ६. आम्ही म्हणालो, "पाच वाजेपर्यंत पोहोचलात तरी पुष्कळ झाले." पाचव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की प्रवाशांची नोंदणी साडेचारला बंद होईल. ते आम्ही वाचले नाही. रोज मुलांना 'प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा' असे सांगणाऱ्या मास्तरांनी प्रश्न पूर्ण वाचला नाही.

आमच्या या सांगण्यावर विसंबून आतेभावाने रॉड्रिग्जहून त्याच दिवशी दुपारी पोहोचणारे विमान धरले. दीड तासाचे तर अंतर! परंतु वाऱ्यामुळे विमान उशिरा सुटले आणि पावणेतीनला प्लेझान्सला उतरले. सामान हातात येईपर्यंत सव्वातीन वाजले. शुक्रवारची दुपार, राजधानीकडे जाणारा रस्ता मोटारींनी भरलेला. इकडे आम्ही आत्यांना, वहिनींना आणि मुलांना घेऊन धक्क्यावर बसलो होतो. बरोबर आणलेली दालपुरी मुलांनी खाल्ली. चार वाजता तेथील बाईंनी येऊन सांगितले की आता आत चला. वहिनी मुलांना घेऊन उठल्या. आत्या उठल्या नाहीत. "माझा मुलगा आल्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही," एवढेच त्या म्हणाल्या. मग कोणीच गेले नाही.

आतेभाऊ धावत आला तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती. दार बंद झालेले. बोट समोरच उभी होती, दोर अजून सुटले नव्हते, वरच्या मजल्यावर लोक हात हलवीत होते. हात जोडून झाले, आईचे वय सांगून झाले. धक्क्यावरील माणसे सभ्य होती, पण दार उघडले नाही. एक तास दहा मिनिटे आम्ही ती बोट पाहत उभे राहिलो. सहाला ती सुटली. त्या दिवसापासून आत्या क्रूझचे नाव काढीत नाहीत. आम्हाला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

त्यानंतर आम्ही या विषयाची नीट चौकशी केली. जे समजले ते असे.

प्रस्थानाची वेळ ही बोटीची वेळ आहे, प्रवाशाची नव्हे. प्रवाशाची वेळ निराळी असते आणि ती पुष्कळ आधी संपते. बहुतेक कंपन्या प्रस्थानाच्या एक ते दोन तास आधी नोंदणी बंद करतात. कारण त्या अवधीत पुष्कळ कामे उरकायची असतात. कोण चढले आणि कोण नाही याची पक्की यादी करून ती सरकारी अधिकाऱ्यांकडे द्यावी लागते. बंदरातून मोठी बोट बाहेर काढण्यासाठी बंदराचा मार्गदर्शक, ज्याला पायलट म्हणतात, तो बोटीवर चढतो, ओढबोटी येतात, त्यांची वेळ ठरलेली असते आणि त्यांना पुढे दुसरी जहाजे असतात. पुढच्या बंदरातही धक्का ठराविक वेळेसाठीच राखलेला असतो. उशीर भरून काढण्यासाठी बोटीचा वेग थोडा वाढविला तरी इंधन कितीतरी अधिक जळते.

आणखी एक कारण आहे आणि ते सर्वांत गंभीर आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कोर्डिया ही बोट खडकावर आदळून कलंडली. ३२ माणसे प्राणास मुकली. त्याच सायंकाळी सिव्हिटाव्हेकिया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा-कवायत झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशी व्हायची होती. जुन्या नियमाप्रमाणे चोवीस तासांत ती केली तरी चालत असे. त्या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच घ्यावी लागते. आता प्रत्येक प्रवाशाला आपली जागा कोणती, जीवरक्षक जाकीट कोठे आहे, हे आधी दाखवावे लागते. शेवटच्या क्षणी धापा टाकीत चढणाऱ्याला हे केव्हा दाखविणार? तेव्हा 'दहा मिनिटे थांबले असते तर काय बिघडले असते?' हा प्रश्न आम्हीही त्या दिवशी विचारला, पण आज विचारणार नाही. आत दोन-तीन हजार माणसे वेळेवर येऊन बसलेली असतात. त्यांचाही विचार व्हावयास पाहिजे.

मग आपण केव्हा निघावे? आम्ही वर्गात गणित फळ्यावर मांडतो, तसे येथे मांडू. हे गणित उलटे करायचे असते, शेवटाकडून सुरुवातीकडे. समजा, बोट सहाला सुटणार. नोंदणी साडेचारला बंद. तिकिटावर आपल्याला चढण्यासाठी दिलेली वेळ एक ते दोन. म्हणजे आपले ध्येय एक वाजता धक्क्यावर असणे हे आहे. क्युरपिपहून ले सालीनला एरवी पाऊण तासात पोहोचता येते; पण सामान, म्हातारी माणसे, रस्त्यातली गर्दी, एखाद्या मोटारीचे बिघडलेले चाक, हे सर्व धरून दीड तास ठेवावा. म्हणजे साडेअकराला घर सोडावे. अकराला जेवण. सकाळी पूजा व्हायची असेल तर तीही दहापूर्वी उरकावी. असे मांडले म्हणजे कळते की सहाच्या बोटीचा दिवस खरोखर पहाटेच सुरू होतो. साडेचार ही वेळ पोहोचण्याची नव्हे. ती काही घोटाळा झालाच तर हाताशी राहावी म्हणून ठेवलेली शिल्लक आहे. शिल्लक आधीच खर्चून बसू नये.

याचा अर्थ सकाळी आठलाच जाऊन बसावे असाही नाही. आपल्यापैकी काहींना ती सवय आहे. विमानतळावर पाच तास आधी सारे गणगोत घेऊन पोहोचतात. क्रूझचा प्रवास जेथून सुरू होतो त्या बंदरात सकाळी आधीचे प्रवासी उतरत असतात. त्यांचे सामान बाहेर काढणे, खोल्यांची साफसफाई, अन्नधान्य भरणे यांत दुपार होते. तोपर्यंत आत कोणी घेत नाही. बाहेर उन्हात म्हाताऱ्यांचे हाल होतात आणि आपली गर्दी इतरांना अडचण करते. दिलेल्या वेळेच्या आरंभी पोहोचावे, हे उत्तम. शिवाय मोठे सामान धक्क्यावर ताब्यात घेतात आणि ते खोलीत यायला संध्याकाळ होते; म्हणून औषधे, चष्मा, पारपत्र आणि मुलांचे एक-एक कपड्याचे जोड हातातल्या पिशवीतच ठेवावे.

हे झाले बेटावरच राहणाऱ्यांचे. ज्यांच्या प्रवासात बोटीपूर्वी विमान आहे, त्यांनी आमचे एवढे ऐकावे: त्याच दिवशीच्या विमानावर भरवसा ठेवू नये. आदल्या दिवशी पोहोचावे. आपल्याकडे तर याला विशेष कारण आहे. आपल्या समुद्रात क्रूझचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. आणि नेमका तोच चक्रीवादळांचा हंगाम. १५ जानेवारी २०२४ रोजी बेलाल वादळाने काय केले ते आपण कोणीच विसरलो नाही. सकाळी कामावर गेलेली माणसे दुपारी घरी कशी पोहोचायची या विवंचनेत होती, पोर्ट लुईसच्या रस्त्यांवर मोटारी पाण्यात तरंगत एकमेकींवर चढल्या, विमानतळ बंद झाला. असा इशारा आला की बंदरातील मोठी जहाजेही खुल्या समुद्रात पाठविली जातात. अशा वेळी बोट उशिरा येईल, आधी निघेल, किंवा येणारच नाही. आदल्या दिवशी आलेला माणूस निदान काय झाले ते समजून घेण्यासाठी जागेवर असतो.

आदल्या दिवशी येऊनही थांबावे लागते, हेही खरे. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी नॉर्वेजियन डॉन या बोटीला आपल्या बंदरात येऊ दिले गेले नाही. काही प्रवाशांना पोटाचा विकार झाला होता आणि कॉलऱ्याची शंका होती. तपासणीत कॉलरा निघाला नाही आणि २७ तारखेला प्रवासी उतरले. तोपर्यंत चढण्यासाठी आलेले लोक येथेच खोळंबले. म्हणून जवळ दोन दिवसांचा जास्तीचा खर्च आणि औषधे असावीत, आणि प्रवासाचा विमा घेतला असेल तर त्यात उशिराची भरपाई कोणत्या कारणांसाठी मिळते ते आधी वाचून ठेवावे. बारीक अक्षरेसुद्धा.

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे आयुष्यात एकदा तरी महाराष्ट्रात जातात. कोकणात आपल्या पूर्वजांच्या गावाचा शोध घेतात, गणपतीपुळ्याला, पंढरपूरला जातात. अलीकडे या यात्रेला जोडून मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ घेण्याची कल्पना निघाली आहे. कल्पना चांगली आहे. पण तेथेही हेच गणित लागते. मुंबईच्या बोटींचा हंगाम पावसाळा संपल्यानंतरचा, म्हणजे पुन्हा आपल्या वादळांचाच. येथून सहा-सात तासांचे विमान, तेथे उतरल्यावर दीड तासाने पुढे गेलेले घड्याळ, आणि विमानतळापासून बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापर्यंत सारी मुंबई ओलांडायची. एखादी पेटी मागच्या विमानात राहिली तर ती मिळायलाच एक दिवस जातो. मुंबईत दोन रात्री आधी पोहोचावे असे आम्ही म्हणू. एवीतेवी सिद्धिविनायकाचे दर्शन घ्यायचेच असते; ते बोटीनंतर न ठेवता आधी ठेवावे.

घड्याळाचा प्रश्न वाटेतल्या बंदरांतही येतो. रेयुनियन आणि सेशेल्स येथे आपलीच वेळ आहे, परंतु मादागास्कर आपल्या एक तास मागे आणि मालदीव एक तास पुढे. बोट कोणती वेळ पाळते ते रोजच्या पत्रकावर लिहिलेले असते. खिशातला फोन किनाऱ्यावर उतरताच आपोआप वेळ बदलतो आणि माणूस फसतो. घरातील एकाने तरी साधे मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावून हातावर बांधावे आणि त्या दिवसापुरते साऱ्या कुटुंबाने त्याचे ऐकावे. बोटीने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा त्यांची वाट पाहते किंवा त्यांची सोय करते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांची ती वाट पाहीलच असे नाही. मार्च २०२४ मध्ये त्याच नॉर्वेजियन डॉनने आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या बेटावर आठ प्रवाशांना मागे सोडले. ते खाजगी सहलीला गेले होते आणि परतायला उशीर झाला. बोट दिसत होती, लहान नावेने ते तिच्याजवळ गेलेही, पण आत घेतले नाही. अनेक देश ओलांडून शेवटी त्यांनी सेनेगलमध्ये आपली बोट गाठली. टॅक्सीने गेलात तर सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी परत या, मग धक्क्याजवळ खुशाल नारळपाणी पीत बसा.

आता थोडे कटू बोलतो. हा प्रश्न केवळ बोटीचा नाही. आपल्या निमंत्रणपत्रिकेवर कार्यक्रम चार वाजता असतो, पाहुणे पाचला येतात, दीपप्रज्वलन साडेपाचला होते, आणि चारला आलेल्या माणसाला आपणच हसून विचारतो, "काय, फार लवकर आलात?" मुले हे पाहतात. छापलेली वेळ ही खरी वेळ नसते, असा पाठ आपण त्यांना घरी देतो आणि शाळेत घंटा वाजल्यावर दार बंद केले की मास्तर कठोर ठरतात. आम्ही स्वतः शाळेत एक मिनिट उशीर करीत नाही, परंतु घरगुती कार्यात आम्हीही त्याच माळेतले मणी. 'पाचपर्यंत पोहोचलात तरी पुष्कळ' हे आमचे वाक्य त्याच सवयीतून आले. बोटीने ती सवय मानली नाही, इतकेच.

तिकिटे विकणाऱ्या मंडळींनाही एक विनंती आहे. आपण बोट सुटण्याची वेळ ठळक छापता. दार बंद होण्याची वेळ त्याहून ठळक छापा. आपले गिऱ्हाईक नेहमी इंग्रजी किंवा फ्रेंच सफाईने वाचणारे असतेच असे नाही. ज्या आजीने पहिल्यांदाच समुद्रप्रवासाचे तिकीट काढले आहे, तिला तोंडी सांगा, कागदावर आकडा लिहून द्या. पाच मिनिटांचे काम आहे. आणि आमच्यासारख्या शिकलेल्या शेजाऱ्यांनीही दुसऱ्याचे तिकीट हातात घेतले की शेवटच्या पानापर्यंत वाचावे. विचारणारा आपल्यावर विश्वास ठेवून विचारतो.

ले सालीनपासून थोड्याच अंतरावर आप्रवासी घाट आहे. त्या सोळा दगडी पायऱ्या आपण मुलांना दाखवितो. आपले पूर्वज कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून आले तेव्हा बोटीची वेळ त्यांना कोणी विचारली नव्हती. डेपोत बसवून ठेवले, बोट भरली तेव्हा चढविले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आज त्याच बंदरातून मौजेसाठी जाता येते, आपल्या पैशांनी, आपल्या मर्जीने. ही लहान गोष्ट नाही. ती केवळ एका तासाच्या निष्काळजीपणाने हातची जाऊ नये.

आतेभावाने पुन्हा पैसे साठवायला सुरुवात केली आहे. या खेपेस तो दोन दिवस आधी रॉड्रिग्जहून येणार आहे. तिकीट आले की आठही पाने आम्ही वाचणार आहोत, आणि आत्यांसमोर मोठ्याने वाचणार आहोत. त्या येतील की नाही हे अजून त्यांनी सांगितलेले नाही.

या सुट्टीत जे कोणी प्रवासाला निघतील त्या सर्वांचा प्रवास सुखरूप होवो. तिकीट आजच काढून पाहा, दार किती वाजता बंद होते ते शोधा आणि ती वेळ घरातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवा.